.२२ रायफलीवर स्कोप कोणता घ्यावा? ५० आणि १०० मीटर, बजेट पन्नास हजार

संत्रापट्टा_मोर्शी:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या क्लबात .२२ ची स्कोपवाली स्पर्धा ठेवून राहिले, ५० मीटर अन् १०० मीटर, दोन्ही पोटावर झोपून, समोर बायपॉड (दोन पायांचं टेकण) नाहीतर वाळूची पिशवी चालते, दस्त्याखाली पण पिशवी चालते. माझ्याकडे बाबांची ब्रनो मॉडेल २ आहे, लायसन माझ्या नावावर होऊन आलं, रायफल एकदम चांगली ठेवलेली आहे, नळी आतून आरशासारखी. आतापर्यंत उघड्या साईटनंच मारत आलो, स्कोप कधी लावला नाही. बजेट रिंगा धरून पन्नास हजार, आंबियाच्या संत्र्याचा सौदा झाला की घेतो. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे ८-३२ (८ ते ३२ पावरचा) घ्या साहेब, मोठीच पावर घ्या, स्पर्धेत सगळे तेच वापरतात. खरंच इतकी पावर लागते काय? अन् हे एफएफपी एसएफपी काय भानगड आहे ते पण कोणी नीट सांगा. बाबा म्हणायचे बंदुकीवर पैसा एकदाच लावावा पण पाहून लावावा, म्हणून विचारून राहिलो.

वणीकर_नेम:
मोर्शीवाले भाऊ, पावर बाजूला ठेवा सध्या. .२२ साठी स्कोप घेताना पहिली गोष्ट विचारायची ती पॅरलॅक्स. दुकानदार हे सांगत नाही कारण डब्यावर पावर मोठ्या अक्षरात असते अन् पॅरलॅक्स कुठंतरी बारीक लिहिलेला असतो.

सोप्या भाषेत सांगतो. रायफल पिशवीवर पक्की ठेवा, हात लावू नका, आणि स्कोपातून पाहता पाहता डोळा थोडा डावी उजवीकडे हलवा. क्रॉस जर टारगेटवर सरकताना दिसला तर तो पॅरलॅक्स. म्हणजे रायफल जागची हलली नाही पण तुमचा नेम हलला. मोठ्या रायफलींचे बहुतेक साधे स्कोप १०० यार्ड किंवा त्याच्या पुढं फिक्स केलेले असतात. असा ४० मिमी काचेचा स्कोप, १०० मीटरला फिक्स असलेला, तुम्ही ५० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला तर नेम १० मिमीपर्यंत सरकू शकतो. आता ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टारगेटचा दहाचा गोल केवढा असतो? १०.४ मिमी. म्हणजे तुमचा घोडा, तुमचा श्वास, काडतूस सगळं बरोबर असूनही नुसत्या डोक्याच्या जागेमुळं गोळी दहाच्या बाहेर. काही रिमफायर (.२२ सारख्या छोट्या काडतुसाचे) स्कोप ५० यार्डाला फिक्स येतात, ते ५० मीटरवर मस्त चालतात, तिथं फरक दोन मिमीच्या आत राहतो, पण तोच १०० मीटरवर नेला तर वीस मिमीच्या वर जाऊ शकतो. तुमच्या स्पर्धेत दोन्ही अंतरं आहेत म्हणून फिक्सवाला विषयच बाद करा. साईड फोकस (अंतराप्रमाणे पॅरलॅक्स जुळवायची बाजूची चकती) किंवा पुढच्या काचेवर फिरणारी रिंग पाहिजेच, आणि ती कमीत कमी २५ यार्डापर्यंत खाली आली पाहिजे, १० यार्डापर्यंत आली तर अजून छान. व्होर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४ बाय ५० घ्या किंवा अॅथलॉनचा आर्गोस बीटीआर ६-२४ घ्या, हे १० यार्डापर्यंत येतात. मोठ्या सेंटरफायरसाठी बनवलेले पुष्कळ महाग स्कोप ५० यार्डाच्या खाली फोकसच होत नाहीत, किंमत पाहून फसू नका.

लोणार७७:
वणीकर दादांचा पॅरलॅक्सचा मुद्दा शंभर टक्के. पण पावर बाजूला ठेवा हे मला पटत नाही. ५० मीटर बेंचरेस्टवाले जगभर ३६, ४०, ४५ पावर वापरतात, उगीच नाही वापरत. वीव्हर टी-३६ हा फिक्स छत्तीसचा स्कोप कित्येक वर्षं त्या लोकांच्या रायफलीवर आहे, ४० मिमी काच, आठवा हिस्सा एमओएचा क्लिक (एमओए हे कोनाचं माप, १०० मीटरवर २९ मिमी; क्लिक म्हणजे नेम बदलायच्या चकतीची एक टिचकी), पुढून फोकस, वजनाला हलका. .२२ चं भोक ५.६ मिमीचं, काळ्या कागदावर ५० मीटरवरून ते दिसायला पावर पाहिजे. भोक दिसलं नाही तर पुढची गोळी कुठं मारायची ते कसं कळणार? आणि टेकून मारताना नेम दहाच्या गोलात कुठं टेकवला आहे हे बारीक दिसलं पाहिजे. बारा पावरवर क्रॉसनं गोल झाकला जातो.

वणीकर_नेम:
लोणार भाऊ, बेंचरेस्टचं तुमचं बरोबर, ते लोक एकाच अंतरावर, एकाच टेबलावरून, दगडासारख्या पक्क्या टेकणावरून मारतात आणि वारा पाहायला समोर झेंड्यांची रांग लावून बसतात. मोर्शीचे भाऊ बायपॉड लावून जमिनीवर झोपणार आहेत. आणि दुसरी गोष्ट, आपण राहतो कुठं? ऑक्टोबरची हीट असो की मार्चनंतरचं ऊन, सकाळी दहानंतर आपल्याकडं जमिनीवरून जी झळ उठते ती ३६ पावरवर टारगेट पाण्याखाली ठेवल्यासारखं दाखवते. गोल कडेनं उकळत असतो. तुम्ही जेवढी पावर वाढवाल तेवढी ती झळ पण मोठी दिसते, कारण स्कोप टारगेटसोबत मधली हवा पण मोठी करतो. अन् झळ जिकडं वाहते तिकडं टारगेटचं चित्र पण सरकलेलं दिसतं, तुम्ही चित्रावर नेम धरता, कागदावर नाही.

फिक्स छत्तीसमधे पावर कमी करायची सोय नाही. म्हणून आपल्या भागात बदलती पावर, वर २४ असली तरी पुष्कळ. सकाळी साडेसात आठला २४ वर मारा, ऊन चढलं की १२-१४ वर या.

बाभूळगाव_बॉईज:
वणीकर भौ म्हणते ते खरं हाय. आमच्या कडं मे महिन्यात सरावाले गेलो तं नवाच्या नंतर स्कोपात पाहूच वाटत नाई, सारं हालून राहते. काळी माती तापते ना भौ, अन् रेंजच्या समोर पराटी काढलेलं रिकामं वावर हाय, तिथून जी वाफ उठते ती पाहून डोये दुखते. म्या तं पावर कमी करून, नळीवर जाड पट्टी लावली, नळी गरम झाली का तिची पन झळ स्कोपाच्या तोंडासमोर येते. ते बेंचवाले लावते तशी, प्लॅस्टिकची. मस्त फरक पडला. मोर्शीवाल्या भौ तुमाले बी लागन, पयलेच सांगून ठेवतो.

शेतकरी_आर्वी:
चर्चा चांगली चालू आहे. एक विचारतो, असा स्कोप लावलेल्या .२२ नं रात्री वावरातले डुकरं हाकलता येतील का? या वर्षी सोयाबीन अर्धं लोळवलं, तूर पण ठेवत नाहीत. रात्री चालणारा स्कोप वेगळा येतो म्हणतात.

वणीकर_नेम:
आर्वीचे काका, तुमचं नुकसान समजतं, आमच्या इकडं पण तेच आहे. पण या कामात ही रायफल आणू नका. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि खेळासाठी घेतलेलं लायसन त्याच्यासाठी नाही. शिवाय .२२ रिमफायरची ताकद डुकरासाठी नाहीच, जखमी होऊन ते कुठं जाईल आणि कोणावर धावून जाईल सांगता येत नाही. पंचनामा करा, नुकसानभरपाईचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात लवकर द्या, उशीर झाला की अडवतात. त्याच्यावर वेगळा धागा काढा, तिथं माहितीवाले लोक आहेत. इथं स्पर्धेचंच चालू द्या.

प्रिया_कोच_वर्धा:
मी मुलींना १० मीटर एअर रायफल शिकवते, त्यामुळे स्कोपशी रोजचा संबंध नाही पण एक गोष्ट स्पष्ट करते कारण पालक मला नेहमी विचारतात. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलमध्ये स्कोप चालत नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, फायनलला ४५१.४, ते सगळं डायॉप्टर साईटवर. मागं बारीक भोक, पुढं गोल रिंग, काचेची पावर नाही. त्यामुळे दादा, तुमच्या घरातल्या मुलांना पुढे राज्य, राष्ट्रीय स्पर्धांना पाठवायचं असेल तर त्यांच्यासाठी स्कोपवर खर्च करू नका, ती वाट वेगळी आहे.

आणि तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी हातात घ्या. स्कोपवाल्या स्पर्धा सगळ्या एकसारख्या नसतात. कुठं रायफलीच्या वजनाचे गट असतात, कुठं स्कोपच्या पावरला मर्यादा असते. अमेरिकेत एनआरएल२२ नावाचा प्रकार आहे, तिथं १०० यार्डापर्यंत वेगवेगळ्या अंतरावरच्या लोखंडी टारगेटवर, कधी खुर्चीवरून कधी पाइपावर टेकवून, घड्याळ लावून मारायचं असतं. तिथं कमी पावर आणि मोठं दृश्य कामाचं. तुमच्याकडं कागद आणि झोपून आहे. पत्रकात एका गोळीला किती वेळ आणि दोन अंतरांच्या मधे साईटिंगच्या (नेम तपासायच्या, मार्क नसलेल्या) गोळ्या मिळणार की नाही हे विचारा. मधे साईटिंग नसेल तर क्लिकवर भरवसा ठेवूनच ५० वरून १०० ला जावं लागेल, मग स्कोपचा क्लिक खरा पाहिजे.

संत्रापट्टा_मोर्शी:
प्रियाताई खूप आभार, सेक्रेटरींना विचारलं. वजनाची अट नाही, पावरची अट नाही. ५० चे दोन कार्ड आधी, मग १०० चे दोन, आणि १०० ला साईटिंगच्या फक्त दोन गोळ्या. म्हणजे क्लिकवरच जाणं आलं. १०० ला गोळी किती खाली पडते साधारण?

वणीकर_नेम:
मॅचचं काडतूस असेल, म्हणजे सेकंदाला ३२५-३३० मीटरवालं, एली, एसके वगैरे, तर ५० ला झीरो केल्यावर, म्हणजे नेम तिथंच गोळी पडेल असं जुळवल्यावर, १०० मीटरला गोळी वीस सेंटीमीटरच्या आसपास खाली जाते, थोडी जास्तच धरा. मिलमधे (हे पण कोनाचंच माप, १०० मीटरवर १० सेंटीमीटर) दोनच्या जवळपास, म्हणजे ०.१ मिलच्या क्लिकचे वीस-बावीस क्लिक. एमओएवाला स्कोप असेल तर सात-साडेसात एमओए, पाव एमओएचे तीस एक क्लिक. हा आकडा फक्त कागदावर गोळी पडावी एवढ्यासाठी. तुमचं खरं माप तुमच्या रायफलीनं, तुमच्याच पेटीतल्या काडतुसानं, मारूनच काढायचं आणि दस्त्यावर चिकटवून ठेवायचं. काडतुसाचा लॉट (बनवलेली खेप) बदलला की परत तपासायचं.

हाय व्हेलॉसिटी काडतूस घेऊ नका स्पर्धेला. ते आवाजापेक्षा जोरात निघतं आणि वाटेतच आवाजाच्या वेगाखाली येतं, त्या वेळी गोळी डगमगते, १०० ला ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) फुटतो. मॅचचं काडतूस सुरुवातीपासूनच आवाजाच्या खाली चालतं, डिसेंबरच्या थंडीत पण.

आता क्लिक किती बारीक पाहिजे ते. ५० मीटरवर ०.१ मिल म्हणजे ५ मिमी, पाव एमओए म्हणजे ३.६ मिमी, आठवा हिस्सा म्हणजे १.८ मिमी. फक्त ५० असतं तर मी आठवा हिस्सा घ्या म्हटलं असतं. तुम्हाला १०० पण आहे, पाव एमओए घ्या नाहीतर ०.१ मिल, दोन्ही चालेल, फक्त टरेट, म्हणजे नेम बदलायची चकती, मिलमधे तर आतली खूण पण मिलमधेच असू द्या.

एफएफपी एसएफपी राहिलं. एफएफपीमधे पावर वाढवली की क्रॉस पण सोबत जाड होतो आणि त्याच्यावरच्या खुणा कोणत्याही पावरवर खऱ्या मोजल्या जातात. एसएफपीमधे क्रॉस तेवढाच राहतो, खुणा एकाच ठराविक पावरवर खऱ्या. कागदावर, ठरलेल्या अंतरावर, टरेट फिरवून मारणाऱ्याला एसएफपीचा बारीक ठिपकावाला क्रॉस जास्त सुखाचा, दहाचा गोल झाकत नाही. लोणार भाऊंचं म्हणणं इथं बरोबर लागू पडतं. वारा पाहून खुणेवर धरून मारायची सवय लावायची असेल तर एफएफपी. मी स्वतः एफएफपी वापरतो कारण झळ पाहून पावर सारखी वरखाली करतो आणि खूण बदललेली मला चालत नाही.

लोणार७७:
दादा झळीचं मी मान्य करतो, आमच्याकडं रेंज झाडीत आहे म्हणून तेवढं जाणवत नाही. पण भोक दिसायचा प्रश्न राहतोच. मोर्शीच्या भाऊंनी मग स्कोपातून सात-आठ हजार वाचवावे आणि ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप घ्यावा. बाजूला ठेवायचा, गोळी मारली की डोकं न उचलता डोळा तिकडं. २०-६० वाला साधा पण चालतो. म्हणजे रायफलीवर १६ पावर ठेवूनही काम होतं.

चष्मेवाला_दारव्हा:
माझं चष्म्याचं दुकान आहे, बंदुकीतलं मला कमी कळतं पण भाचा नेमबाज आहे म्हणून हे धागे वाचत असतो. इथं सगळे साईड फोकसबद्दल बोलून राहिले, पण डोळ्याकडची काच आधी बसवावी लागते, ते कोणी सांगितलंच नाही. भाच्याचा स्कोप असाच होता, टारगेट चक्क (स्पष्ट) पण क्रॉस धूसर, आणि पोरगा साईड फोकस फिरवून फिरवून दमला होता.

करायचं असं. साईड फोकस शेवटपर्यंत लांबच्या बाजूला न्या. स्कोप पांढऱ्या भिंतीकडं किंवा निरभ्र आभाळाकडं धरा, सूर्याकडं चुकूनही नाही, आंधळं व्हायची पाळी येते. डोळे मिटा, उघडा, आणि लगेच पहिल्या क्षणाला क्रॉस धारदार दिसतो का पाहा. एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहत बसायचं नाही, कारण आपला डोळा स्वतःच ताण देऊन धूसर गोष्ट चक्क करून घेतो आणि मग तुम्हाला वाटतं जमलं. नाही दिसला तर मागची काच थोडी फिरवा, डोळ्याला विसावा द्या, दूर झाडाकडं पाहा, परत करा. पहिल्या नजरेत काळाशार दिसायला लागला की थांबा अन् तिथं खूण करून ठेवा. चष्मा लावून मारणार असाल तर चष्मा लावूनच हे करा. चाळिशी लागलेल्यांना तर फार फरक पडतो. हे झाल्यावरच साईड फोकसनं टारगेट चक्क करायचं, आणि तरी डोकं हलवून क्रॉस सरकतो का ते पाहायचंच, कारण त्या चकतीवर छापलेले आकडे नेहमी तंतोतंत नसतात.

वणीकर_नेम:
दारव्हेकर साहेब, हे फार मोलाचं लिहिलंत. चकतीवर ५० लिहिलंय म्हणून ५० ला लावून मोकळे होतात लोक. माझ्या स्कोपचा खरा ५० हा छापलेल्या आकड्याच्या थोडा पुढं आहे, तिथं मी पांढऱ्या पेननं रेघ मारून ठेवली.

एअरगन_मेहकर:
माझ्याकडं रायफल नाही, स्प्रिंगवाली एअरगन आहे, ४.५ मिमी, लायसन न लागणारी. हाच ६-२४ मी तिच्यावर लावला तर चालेल का, पुढं मागं .२२ घेतली की तिकडं टाकता येईल असा विचार.

वणीकर_नेम:
मेहकरचे भाऊ, स्प्रिंगवाल्यावर जपून. .२२ चा धक्का जवळजवळ नाहीच, पण स्प्रिंगवाली आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी झटका देते, त्यात चांगले चांगले स्कोप आतून सैल होतात. कंपनी एअरगनसाठी चालतो असं लिहून देते तेवढेच लावा, आणि रिंगांच्या मागं स्टॉप लावा नाहीतर स्कोप सरकत जाईल. पीसीपी (दाबलेल्या हवेच्या टाकीवाली) असती तर काही चिंता नव्हती.

संत्रापट्टा_मोर्शी:
आता माझा कल ६-२४ कडं झाला. पण काल रायफल काढून पाहिली तर दोन अडचणी दिसून राहिल्या. एक, रिसिव्हरवर (बोल्ट बसतो त्या भागावर) वर पिकाटिनी रेल, म्हणजे स्कोप बसवायची दातेरी पट्टी नाही, नुसत्या खाचा आहेत. दोन, बोल्ट उचलला की त्याचा दांडा सरळ वर येतो, स्कोपाला लागेल असं वाटते. अन् एकानं सांगितलं २० एमओएची (तेवढा उतार दिलेली) रेल लावल्याशिवाय .२२ वर स्कोप लावूच नको.

वणीकर_नेम:
हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून मोठं लिहितो.

त्या खाचा म्हणजे ११ मिमीचा डव्हटेल. ब्रनो आणि सीझेडच्या जुन्या .२२ वर तोच असतो. रिंगा ११ मिमीच्याच घ्या. अमेरिकन रिमफायर रिंगा ३/८ इंचाच्या, म्हणजे साडेनऊ मिमीच्या असतात, दिसायला सारख्या, पण एका कडेवर पकडून बसतात आणि मग सैल होतात. दुकानात रायफल नेणं जमत नसेल तर खाचेची रुंदी व्हर्नियरनं मोजून फोटोसकट पाठवा.

बोल्टचं तुम्ही बरोबर पाहिलं. ब्रनो २ चा दांडा नव्वद अंशाच्या आसपास वर उचलावा लागतो, नव्या सीझेड ४५७ मधे तो ६० अंशच केला म्हणून त्यांना हा त्रास नाही. ६-२४ चा मागचा भाग जाड असतो, लो रिंगांवर दांडा त्याला घासतो. शिवाय तुमच्या नळीवर मागची उघडी साईट उभी असेल, ५० मिमीच्या काचेची घंटी तिच्यावर टेकते का तेही पाहा. दोन्हीसाठी मीडियम किंवा हाय रिंगा लागतील. साईटचं पान काढून जपून डब्यात ठेवता येतं, बाबांची रायफल आहे, कापाकापी करू नका.

पण रिंगा उंच झाल्या की नवी गोष्ट उभी राहते. तुमच्या रायफलीचा दस्ता उघड्या साईटसाठी बनवलेला, डोळा खाली ठेवायचा म्हणून त्याची पाठ खाली आहे. उंच स्कोपातून पाहायला तुम्ही गाल उचलणार, मान लांबवणार, आणि गाल दस्त्यावर टेकलेलाच नसेल तर डोळा दर वेळी वेगळ्या जागी. मग परत तोच पॅरलॅक्स, ज्याच्यासाठी आपण एवढा वेळ घालवला. दस्त्यावर फोमचे थर ठेवून वरून कातडी पट्टा किंवा कापडी टेप गुंडाळा, थर कमी जास्त करत जा, डोळे मिटून गाल टेकवायचा, उघडल्यावर स्कोपातलं चित्र पूर्ण गोल, कडेला काळी सावली नाही, असं यायला पाहिजे. दोनशे रुपयांचं काम आहे आणि पावरपेक्षा जास्त मार्क देतं.

२० एमओए रेलचं. ती २०० मीटर आणि पुढच्यासाठी. २०० ला .२२ ची गोळी दीड मीटरच्या वर खाली जाते, सत्तावीस-अठ्ठावीस एमओए चढवावे लागतात, तिथं रेल नसेल तर टरेट संपतो. तुम्हाला शंभरला साडेसात पाहिजे, कोणताही बरा स्कोप देतो. रेल नको तुम्हाला.

बसवताना रायफल पिशवीत सरळ धरा, लेव्हल ठेवा, समोर भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि क्रॉसची उभी रेघ दोरीला लावा. रायफल पाच अंश तिरकी धरली तर ५० मीटरवर साधारण एक सेंटीमीटर आणि १०० वर चार सेंटीमीटरच्या वर बाजूला जाते, आणि डोळ्याला पाच अंश कळत पण नाहीत. म्हणून स्कोपवर बुडबुडेवाली छोटी लेव्हल लावा. रिंगांचे वरचे स्क्रू पंधरा ते अठरा इंच-पौंड, आलटून पालटून, थोडे थोडे. जोर लावून आवळले तर नळकांडं दबतं आणि पॅरलॅक्सची चकती कडक फिरायला लागते.

बाभूळगाव_बॉईज:
अन् इलेक्शनमदे रायफल ठाण्यात जमा करा लागली तं स्कोप काढून घरी ठेवजा भौ. तिथं कुठं ठेवते, कोन आदळते, काई सांगता येत नाई. काढायच्या पयले रिंगा खाचेवर कुठं होत्या तिथं पेन्सिलनं खूण करजा, परत तिथंच बसवजा. तरी झीरो पाहाच लागते.

लोणार७७:
आणि घेतल्यावर लगेच तपासा, परत करायची मुदत असते तोवर. मी एका दुकानातून, नाव नाही घेत, ऑनलाइन मागवलेला स्कोप टरेट वर नेऊन परत खाली आणला की झीरोला येत नव्हता, आणि मुदत उलटून गेली म्हणून त्यांनी हात वर केले. तपासायची पद्धत: ५० मीटरवर उंच कागद, ओळंब्यानं मधोमध उभी रेघ, खाली ठिपका. ठिपक्यावर पाच गोळ्या. मग ५ मिल वर, नेम त्याच ठिपक्यावर, पाच गोळ्या. दोन ग्रुपांच्या मधलं अंतर २५ सेंटीमीटर आलं पाहिजे आणि वरचा ग्रुप रेघेवरच पाहिजे. मग परत शून्यावर आणून पाच. पहिल्या भोकांतच पडल्या तर स्कोप ठेवा. तुमचं माप एमओएत असेल तर १५ एमओए म्हणजे ५० मीटरवर पावणेबावीस सेंटीमीटर. कागद मोठा लावा आणि मागची भिंत तेवढी उंच आहे का ते रेंजवाल्यांना आधी विचारा.

ज्याच्या टरेटचं येणंजाणं खरं नाही तो कितीही चक्क दिसला तरी तुमच्या स्पर्धेला निरुपयोगी, दोन साईटिंगमधे तुम्ही सावरणार कसे.

प्रिया_कोच_वर्धा:
याच्याशी मी पूर्ण सहमत. आणि दादा, सगळा पैसा काचेत घालू नका, काडतुसांना ठेवा. स्पर्धेच्या आधी दोन्ही अंतरांवर वाऱ्यात मारलेलं पाहिजे. बाजूनं सेकंदाला तीन मीटरचा वारा, म्हणजे पानं सळसळतात एवढाच, ५० ला दीड सेंटीमीटर नेतो आणि १०० ला सहा. अंतर दुप्पट, सरक चौपट. हे स्कोप सांगणार नाही.

संत्रापट्टा_मोर्शी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समोरासमोर बसून पण सांगत नाही. ठरलं मग, ६-२४, १० यार्डापर्यंतचा साईड फोकस, ११ मिमीच्या रिंगा, बुडबुडा, अन् उरलेल्यात काडतुसं. स्पॉटिंग स्कोप क्लबातला मिळते म्हणे. खाच मोजली, ११ ला एक केस कमी. एकच राहिलं, रिंगा मीडियम का हाय, हे घरी बसून कसं काढू? परत परत मागवणं परवडत नाही.

वणीकर_नेम:
सोपं आहे. स्कोपच्या पुढच्या घंटीचा बाहेरचा व्यास कंपनीच्या माहितीत असतो, ५० च्या काचेला बहुतेक ५६-५८ मिमी. त्याचा अर्धा, म्हणजे २९ धरा. नळीचा वरचा भाग खाचेपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते पट्टी आडवी ठेवून मोजा, साईट ठेवणार असाल तर साईटच्या टोकापासून मोजा. त्यात तीन मिमी मोकळी जागा धरा. हे झालं खाचेपासून नळकांड्याच्या मध्यापर्यंत लागणारं कमीत कमी माप. मग मागचं, डोळ्याकडच्या भागाचा व्यास साधारण ४४ मिमी, त्याच व्यासाचा पुठ्ठ्याचा गोल कापून त्याचा मध्य खाचेवर त्या उंचीला धरा आणि बोल्ट उचलून पाहा, दांड्यावर बोट ठेवून, बोटाला पण जागा पाहिजे. दोन्हीतलं मोठं माप घ्या. दुकानदाराला मीडियम हाय असं सांगू नका, प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा. खाचेपासून मध्यापर्यंत इतके मिमी असंच सांगा आणि ३० मिमीचं नळकांडं आहे हे पण लिहून द्या.

संत्रापट्टा_मोर्शी:
साईटचं पान काढून २९ अधिक ३, नळी खाचेच्या दोन मिमी खाली आहे, म्हणजे पुढून ३० आले. पुठ्ठा धरून बोल्ट उचलला तर ३० ला दांडा घासते, ३३ ला बोटासकट मोकळा. ३३ चीच ऑर्डर देतो.

वणीकर_नेम:
३३ द्या. आणि फोमचे थर त्याच हिशोबानं आणून ठेवा, पार्सल यायच्या आधी.